प्राथमिक वर्गातील नैतिक विचार

प्राथमिक शाळेच्या वयात, म्हणजे साधारण सहा ते अकरा वर्षांत, मुले बरे-वाईट कसे ठरवू लागतात आणि शिक्षक स्वतः वर्गात असे निर्णय कशाच्या आधारे घेतात, या दोन्हींचा विचार या विषयात होतो. शिक्षणशास्त्रात पहिला भाग मूल्यशिक्षणात घालतात आणि दुसरा शिक्षकांच्या व्यावसायिक आचारसंहितेत. वर्गात मात्र ही वाटणी टिकत नाही. बाकावरच्या मुलाला नीतीचे सर्वांत जवळचे उदाहरण दिसते ते शिक्षकांनी आज सकाळी मिटवलेल्या भांडणात.

मुलांच्या नैतिक विचाराचा पद्धतशीर अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्यापासून धरला जातो. त्यांचे निष्कर्ष १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोट्या खेळणाऱ्या मुलांना ते खेळाचे नियम विचारत: हे कोणी केले, बदलता येतील का? लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि अढळ वाटत. दहा-अकरा वर्षांची मुले मात्र सर्वांचे एकमत झाले तर नियम बदलता येतो असे सांगत. पियाजे यांची कपांची गोष्टही प्रसिद्ध आहे. एका मुलाने दार उघडले आणि मागे ठेवलेले पंधरा कप त्याला न कळता फुटले. दुसऱ्याने चोरून जॅम काढताना एक कप फोडला. अधिक चूक कोणाची? लहान मुले बहुधा पंधरा कपवाल्याला दोषी धरत, मोठी मुले हेतू पाहत. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवायला हवे. ‘मी मुद्दाम नाही केलं’ हे वाक्य मुले फार लवकर बोलू लागतात, पण दुसऱ्याच्या तोंडून ते आले की सहजासहजी मान्य करत नाहीत.

तरीही लहान मुले केवळ मोठ्यांच्या धाकाने चालतात, हे पियाजे यांचे चित्र पुढे बरेच दुरुस्त झाले. मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना साधा प्रश्न विचारला: शिक्षकांनी परवानगी दिली तर चालेल का? गणवेश न घालणे किंवा जागा सोडून उठणे यांसारख्या गोष्टींना मुले ‘मग चालेल’ म्हणतात. दुसऱ्याला मारणे मात्र परवानगी असली तरी वाईटच, असे शाळेत नुकती येऊ लागलेली मुलेही सांगतात. म्हणजे रूढी आणि इजा यांतला फरक त्यांना कळतो. रांग मोडणे आणि मित्राला ढकलणे या दोन्हींवर सारख्याच आवाजात ओरडणारे शिक्षक हा फरक पुसत असतात.

न्यायाची कल्पनाही या वर्षांत बदलते. मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांना वाटणीच्या प्रश्नांत असे आढळले की पाच-सहा वर्षांच्या आसपास मुले ‘सगळ्यांना सारखे’ या तत्त्वाला घट्ट धरतात. मेहनत आणि गरज यांचा विचार त्यानंतर येतो. म्हणून वाचनात मागे असलेल्या मुलाजवळ शिक्षक रोज दहा मिनिटे जास्त बसले, तर वर्गाला तो पक्षपात वाटू शकतो. शिक्षकांचा निर्णय योग्यच असतो. मुलांना त्याचे कारण मोकळेपणाने सांगितले नाही, तर योग्य निर्णयातून चुकीचा धडा जातो. माझ्या मते या विषयाचे मर्म इथे आहे: मुलाला कारण मागण्याचा हक्क आहे हे शिक्षक मानतात की नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील बारावे कलमही मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार वजन द्यायला सांगते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या आपल्या प्रबंधापासून नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. शिक्षा टाळणे ही सर्वांत खालची आणि सार्वत्रिक तत्त्वे ही सर्वांत वरची. त्यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी वर्गात पेचप्रसंगांवर चर्चा घडवल्या आणि काही मुलांचा विचार त्यामुळे वरच्या पायरीकडे सरकला. अशा चर्चेत शिक्षकांचे काम उत्तर देण्याचे नसते, ‘का?’ आणि ‘त्याच्या जागी तू असतास तर?’ हे दोन प्रश्न बरेच काम करतात. गोष्ट संपताच फळ्यावर तात्पर्य लिहिण्याची सवय इथे आड येते. कोलबर्ग यांच्या मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते, असा आक्षेप मानसशास्त्रज्ञ कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ मध्ये घेतला आणि न्यायाइतकेच जिव्हाळ्यालाही नीतीत स्थान मागितले. प्राथमिक शिक्षकांना हा मुद्दा पटवून द्यावा लागत नाही.

विचार सुधारला म्हणून वागणूक सुधारते का? ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकन संशोधकांनी १९२० च्या दशकात दहा हजारांहून अधिक मुलांची प्रामाणिकपणाची चाचणी घेतली. परीक्षेत फसवणारे मूल खेळात किंवा घरच्या अभ्यासात फसवेलच असे नव्हते. प्रसंग, पकडले जाण्याची शक्यता आणि त्या वर्गाचे वातावरण यांचा प्रभाव मोठा होता. ‘प्रामाणिक मुलगा’ आणि ‘लबाड मुलगा’ ही लेबले शिक्षकखोलीत किती सहज चिकटतात, हे पाहिले की या निष्कर्षाची आजही गरज वाटते.

वातावरण घडते ते शिक्षकांच्या छोट्या निर्णयांतून. ‘कोणी केलं सांगा, नाहीतर सगळ्यांची मधली सुट्टी बंद’ हा त्यांतला नेहमीचा. शांतता लगेच होते, पण निरपराधाला शिक्षा देता येते आणि दबाव आणून मित्राचे नाव काढून घेता येते, हेही मुले त्याच वेळी शिकतात. सामूहिक शिक्षा युद्धकाळातही नागरिकांना देता येत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे तेहतिसावे कलम ती निषिद्ध ठरवते. चहाडीचा प्रश्न याला लागूनच येतो. ‘बाई, तो बघा’ म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला गप्प बसवले, तर खरोखर त्रास सोसणारे मूलही पुढे काही सांगत नाही. एखाद्याला अडचणीत आणण्यासाठी सांगणे आणि एखाद्याला वाचवण्यासाठी सांगणे यांतला फरक सात वर्षांच्या मुलाला समजावता येतो. फक्त तो भांडणाच्या ऐन भरात समजावून उपयोग नसतो.

सक्तीची माफी हीही अशीच. ‘सॉरी म्हण’ असे दटावून म्हणायला लावले की ज्याला लागले तो बाजूला राहतो आणि ज्याने मारले तो शिक्षकांची मर्जी सांभाळतो. ज्याचे नुकसान झाले त्याला काय हवे ते विचारणे आणि फाटलेली वही मिळून चिकटवणे याला वेळ जास्त लागतो, आणि चाळीस मुलांच्या वर्गात वेळ हीच अडचण असते.

हे सारे गुणपत्रिकेत कसे नोंदवायचे, हा वाद अजून चालू आहे. जपानमध्ये २०१८ पासून प्राथमिक शाळांत नैतिक शिक्षण हा ‘विशेष विषय’ झाला. त्याला पाठ्यपुस्तक आहे, मूल्यमापनही आहे, पण गुण नाहीत. शिक्षक प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक शेरा लिहितात आणि वर्गातील इतर मुलांशी त्याची तुलना करत नाहीत.