हात नंतर, आधी बर्फावरची रेघ

गुलमर्गच्या नवशिक्या उतारावर तासभर बसलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधलेल्या एकाच फळीवर, उभा राहून कुणीतरी वरून येतो, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरत असतात. आपलं लक्ष हातांकडेच जातं. जाणत्या प्रशिक्षकाची नजर आधी बोर्डाकडे असते आणि विद्यार्थी पुढे गेला की बर्फावर उमटलेल्या मागाकडे. वळवणारं आणि थांबवणारं बल बोर्ड आणि बर्फ जिथे भेटतात तिथेच तयार होतं, त्यामुळे खरी साक्ष तिथेच मिळते.

माग दोन तऱ्हेचा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ असेल, तर बोर्ड कडेवर कलून कापत गेला. ओट्यावरचं पीठ तळहाताने सारल्यासारखा रुंद पट्टा असेल, तर तो घसरत वळला. बोर्ड मधे अरुंद आणि टोकांकडे रुंद असतो, म्हणजे त्याची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडाच. तो कलवून दाबला की वाकतो आणि वळण आवळतं. कडेची त्रिज्या ८ मीटर धरली, तर ६० अंश कलवल्यावर कडक बर्फावर वळणाची त्रिज्या साधारण ४ मीटर उरते. अर्थात घसरणं ही चूक नव्हे, नवशिक्याचा तोच ब्रेक असतो. त्याला घसरायचं होतं, की कापायला जाऊन घसरला, हे मात्र पाहावं लागतं.

समजा, चवड्याच्या बाजूचं वळण स्वच्छ आहे, पण टाचेच्या बाजूला आडवे ओरखडे ओळीने पडलेत. म्हणजे कड धरते, सुटते, पुन्हा धरते. आता नजर वर सरकते. गुडघे ताठ आणि विद्यार्थी फक्त कमरेत वाकलेला, असं बहुतेकदा दिसतं. स्कूटरचा शॉकॲब्सॉर्बर जाम झाल्यावर होतं, तसंच हे. पण गुडघे ताठ का? भीतीने माणूस दरीपासून मागे झुकतो आणि वजन मागच्या पायावर जातं. पुढचं टोक हलकं पडतं, वळण सुरूच होत नाही, मग तो खांदे झटकून बोर्ड फिरवू पाहतो. हातांची पवनचक्की या साखळीचं शेवटचं टोक. ‘हात खाली ठेव’ असं कितीही ओरडा, काही फरक पडत नाही.

अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने बोर्डाच्या हालचाली चार शब्दांत बसवल्या आहेत: कलणं, पिळणं, फिरणं आणि दाब. मला त्यातलं पिळणं सर्वांत मजेदार वाटतं. पुढच्या पायाने चवडा दाबायचा, मागच्याने टाच. ओलं फडकं पिळावं तसा बोर्ड किंचित पिळतो आणि पुढची कड आधी बर्फात शिरते. स्कीवर हे जमत नाही, कारण तिथे एका फळीवर एकच पाय असतो.

नाचता येईना अंगण वाकडं, हे खरं. पण कधी अंगण खरंच वाकडं असतं! बूट सैल असेल तर आत टाच उचलली जाते आणि चवड्याची कड उशिरा लागते. म्हणून आधी नाड्या तपासायच्या.

दहा चुका दिसल्या, तरी सांगायची एकच गोष्ट: ‘पुढच्या हाताने खालचं ते झाड दाखवत ये.’ एवढ्याने खांदे बोर्डाच्या रेषेत येतात आणि वजन पुढे सरकतं. मग प्रशिक्षक पुन्हा माग पाहतो. ओरखडे विरळ झालेले असतात. उरलेले नेमके उतार तीव्र होतो तिथे असतील, तर पुढची फेरी त्याच्या वरच्या सपाट भागातच.