गोळीला पीळ किती हवा?

१८५७ च्या उठावातलं काडतूस आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. चरबीची कुजबुज, दातांनी तोडायचं कागदी आवरण, सगळं पाठ. ते काडतूस ज्या एनफिल्ड रायफलीसाठी होतं, ती मात्र धड्यात नुसती नावापुरती येते. तिच्या नळीत आतून तीन चर होते आणि ते इतके सावकाश वळत जायचे की एक पूर्ण फेरा व्हायला ७८ इंच लागावेत. नळी होती ३९ इंचांची. म्हणजे तोंडातून बाहेर पडेपर्यंत गोळीचा जेमतेम अर्धा फेरा व्हायचा.

आज अनेक सैनिकी रायफलींमध्ये तोच फेरा ७ इंचांत पुरा होतो. नेमबाज याला ट्विस्ट रेट म्हणतात आणि १:७ असं लिहितात. आकडा लहान, तितका पीळ घट्ट. पण म्हणून एनफिल्ड बनवणारे अडाणी होते असं नाही. त्यांची गोळीच वेगळी होती.

लांबट गोळी हवेतून सरळ नाकासमोर जाते ती काही आपणहून नाही. हवेचा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू तिच्या नाकाच्या बाजूला असतो आणि वजनाचा मध्य त्याच्या मागे. नाक जरा कललं की हवा ते आणखी कलवते. गोळी फिरत नसेल तर काही मीटरांतच कोलांट्या खाऊ लागेल. फिरत असेल तर भोवऱ्यासारखं होतं: कलंडण्याऐवजी तिचा आस प्रवासाच्या दिशेभोवती बारीक घिरट्या घालतो आणि त्या घिरट्याही हळूहळू विरत जातात. फिरकी कमी पडली की कागदी लक्ष्यावर गोल भोकाऐवजी कुलपाच्या भोकासारखी लांबोडकी भोकं दिसतात. गोळी आडवी होऊन आदळल्याची ती खूण.

फिरकी किती हवी हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने १८५० च्या दशकात हे प्रत्यक्ष करून दाखवलं. (फिटर मंडळींना हे नाव व्हिटवर्थ आट्यांमुळे माहीत असेल. माणूस तोच.) त्याने गोळीचं वजन एनफिल्डइतकंच ठेवलं, ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. व्यास मात्र ०.५७७ इंचांवरून ०.४५१ वर आणला. वजन तेवढंच आणि अंग बारीक, म्हणजे गोळी लांब झाली. तिला ७८ इंचांचा पीळ पुरेना, म्हणून त्याने षट्कोनी नळी घेऊन तो २० इंचांवर आणला. १८५७ च्याच चाचण्यांमध्ये या रायफलीने एनफिल्डला लांबच्या पल्ल्यावर सरळ मागे टाकलं. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने केलं: बंदूक चौकटीत घट्ट बसवलेली, राणीने फक्त दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दोन इंचांच्या आत लागली.

अंदाजाला गणिताची जोड मिळाली ती १८७९ मध्ये. वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिलने सोपा ठोकताळा दिला: गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्या, लांबीने भागा, १५० ने गुणा. उत्तर पिळाचे इंच. फार वेगवान गोळ्यांना १५० च्या जागी १८० धरतात. आता अमेरिकेच्या एम-१६ रायफलीची ०.२२४ इंच व्यासाची जुनी गोळी घ्या. लांबी साधारण पाऊण इंच. ती वेगवान, म्हणून १८० धरून उत्तर येतं १२.

सुरुवातीच्या रायफलींना पीळ दिला होता १४ इंचांचा. साध्या हवेत त्यावर भागत होतं. कडाक्याच्या थंडीतल्या चाचण्यांत मात्र गोळ्या डगमगू लागल्या आणि नेम फिसकटला. कारण बंदुकीत नव्हतं, हवेत होतं. १५ अंश सेल्सियसच्या हवेपेक्षा उणे ५४ अंशांची हवा सुमारे ३१ टक्के दाट असते आणि गोळीला कलंडवणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. आधीच काठावर असलेली गोळी पलीकडे गेली. १९६३ मध्ये पीळ १२ इंचांवर आणला गेला. दोन इंचांनी काय होणार असं वाटेल, पण स्थैर्य फिरकीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १४ भागिले १२, त्याचा वर्ग १.३६. म्हणजे ३६ टक्के वाढ. थंडीने खाल्लेलं भरून निघालं आणि वर थोडं उरलंही.

पुढे १९८० मध्ये नाटोने बेल्जियमची एसएस-१०९ ही गोळी प्रमाण मानली. हिच्या टोकात पोलाद असतं. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे वजन ५५ वरून ६२ ग्रेन होताना लांबी मात्र पाऊण इंचावरून ०.९ इंचावर गेली. जुन्या १२ इंची पिळाच्या नळीतून ती नीट उडतच नाही. तिच्या जोडीची, मागे जळती रेघ सोडणारी ट्रेसर गोळी तर १.१५ इंचांची. ग्रीनहिलला विचारलं तर तिला आठाच्या आतला पीळ हवा. म्हणून एम-१६ च्या पुढच्या आवृत्तीला, एम-१६ए२ ला, १:७. साध्या गोळीला एवढ्याची गरज नव्हती, १:९ वरही तिचं छान चालतं. नळी ठरली ती ट्रेसरमुळे.

आणखी एक समज: लांब गेल्यावर फिरकी संपते आणि गोळी भरकटते. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा गोळीचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने खाते, फिरकी मात्र सावकाश. त्यामुळे अंतर वाढतं तशी गोळी जास्तच स्थिर होते. खरी कसोटी गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास उतरतो तेव्हा.

मग सगळ्यांनाच घट्ट पीळ का देऊ नये? फिरकीचीही किंमत मोजावी लागते. गोळीचा वजनमध्य आसापासून मिलिमीटरच्या एका शतांशाने जरी बाजूला असला, तरी नळीतून सुटताच ती किंचित बाजूला फेकली जाते. हिशोब केला तर १:१२ नळीत हा फरक १०० मीटरवर २ सेंटिमीटर भरतो, १:७ मध्ये साडेतीन. या गणितातून गोळीचा वेग चक्क गळून जातो, उरतो तो फक्त पीळ आणि गोळीतला दोष. पातळ कवचाच्या हलक्या गोळ्या तर मिनिटाला तीन लाख फेऱ्यांच्या फिरकीने कधी कधी वाटेतच फुटतात. ‘घट्ट पीळ म्हणजे अचूक रायफल’ हे ऐकलं की म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, कोणत्या गोळीसाठी?

कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं, तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. ही .२२ (इंची) गोळी शिशाची, बुटकी, २.६ ग्रॅमची. मुद्दाम ध्वनीपेक्षा थोडी हळू सोडलेली. तिला १६ इंचांचा पीळ पुरतो, सेकंदाला साधारण ८०० फेरे. नेमबाज त्या पिळाच्या नादी सहसा लागत नाहीत. ते काडतुसांचा लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला साठा, निवडतात: रायफल शिकंज्यात आवळायची, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं ५० मीटरवर मारायची आणि ज्याचं ग्रुपिंग, म्हणजे भोकांचा पुंजका, सगळ्यात लहान, त्या लॉटच्या पेट्या उचलायच्या.