हाय-हॅट (जुळणी व समायोजन)

हाय-हॅट : ड्रमसंचातील, पायाने उघडझाप करता येणारी झांजांची जोडी. वादकाच्या डाव्या पायाशी असलेल्या स्टँडवर दोन झांजा समोरासमोर बसवतात. खालची झांज नळीच्या टोकावरील बैठकीत स्थिर असते, वरची नळीतून जाणाऱ्या सळईला क्लचने (झांज सळईला धरून ठेवणाऱ्या पकडीने) जखडलेली असते. पेडल दाबले की सळई खाली येऊन झांजा मिटतात. पाय सैल सोडला की स्प्रिंग सळईला पुन्हा वर नेते. प्रचलित व्यास १४ इंच; १३ व १५ इंची जोड्याही वापरात आहेत.

हाय-हॅटच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकात ‘स्नो-शू’ हे साधन रूढ होते : बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या व त्यांच्या टोकांना लहान झांजा. त्यामागून आलेल्या ‘लो-बॉय’मध्ये झांजा जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असत, त्यामुळे त्यांवर काठीने वाजवणे सोयीचे नव्हते. या सुधारणांचे श्रेय कोणी ड्रमवादक व्हिक बर्टन यांना देतात, कोणी कैसर मार्शल यांना. बेबी डॉड्स यांचेही नाव घेतले जाते. नळी वाढवून झांजा हाताच्या टप्प्यात आणण्याचे काम वूस्टर (मॅसॅचूसेट्स) येथील वॉलबर्ग अँड ऑज या कारखान्याने सुमारे १९२६-२७ मध्ये केले, असे सामान्यतः मानतात. लो-बॉय व हाय-हॅट यांची यंत्रणा मुळात एकच आहे, फरक नळीच्या लांबीचा. असा बदल वादकांच्या मागणीतून एकाहून अधिक ठिकाणी सुचणे स्वाभाविक असल्याने एकाच संशोधकाचा आग्रह धरणारी मते कमी ग्राह्य वाटतात. वादनातील महत्त्वाबाबत मात्र फारसा वाद नाही : काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात ड्रमवादक जो जोन्स यांनी लय राखण्याचे काम बास ड्रमवरून (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून) हाय-हॅटवर आणले.

मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३५च्या सुमारास लिऑन ॲबी व पुढे टेडी वेदरफोर्ड यांचे जॅझवृंद वाजत. हाय-हॅट येथे याच वाटेने रुळला असावा. गोव्याच्या वादकांमार्फत तो हिंदी चित्रपटसंगीतात स्थिरावला; लेस्ली गोडिन्हो व फ्रँको वाझ हे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील नामवंत ड्रमवादक. मराठी ऑर्केस्ट्रांतही तो सर्रास दिसतो.

जुळणीची सुरुवात पायथ्यापासून करावी. स्टँडचे पाय असे पसरावेत की पेडलचा तळ जमिनीला पूर्ण टेकेल. नाट्यगृहाच्या गुळगुळीत रंगमंचावर खाली सतरंजी नसेल, तर जोरकस वादनात स्टँड पुढे सरकतो. जोडीतील जड झांज बहुधा खाली घालतात. पेडलवरून पाय काढल्यावर दोन झांजांत सुमारे २ ते ३ सेंमी. फट राहील अशा बेताने क्लच आवळावा. अंतर फार ठेवल्यास पायाची चाल लांबते व द्रुत लयीत झांजा वेळेवर मिटत नाहीत. क्लचमधील दोन फेल्टच्या (नमद्याच्या मऊ चकत्यांच्या) मध्ये वरची झांज किंचित डुलली पाहिजे. ती करकचून आवळली तर नाद कोंडतो आणि झांजेला तडा जाण्याची भीती असते. क्लचच्या तळाचा नट मात्र घट्टच हवा, कारण वाजवताना तो फिरत फिरत सुटतो आणि ऐन गाण्यात वरची झांज खालचीवर कोसळते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बैठकीखालचा तिरपेपणाचा स्क्रू. दोन्ही झांजा अगदी सपाट भिडल्या की मधली हवा अडकते आणि पायाचा ‘चिक्’ बोदा होतो. खालची झांज जराशी कलती केली की हवेला वाट मिळते व आवाज धारदार निघतो. भजनातले टाळकरीही टाळ तंतोतंत न मिळवता कडा जराशा सरकवून वाजवतात, त्यामागचे कारण हेच. झांजा बनवणाऱ्या पायस्ते कंपनीने १९६०च्या दशकात खालच्या झांजेची कडाच नागमोडी केली. काही कंपन्यांनी तिला भोके पाडली. तरीही साध्या जोडीत हा स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवून मिळणारा फरक कानाला लगेच जाणवतो.

स्प्रिंगचा ताण ज्याच्या-त्याच्या पायावर अवलंबून असतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्प्रिंग व सळई लवकर गंजतात. पावसाळ्यात सळई कोरड्या फडक्याने पुसून तिला तेलाचा हलका हात द्यावा. सळईची जाडी कंपनीगणिक थोडी बदलते, म्हणून भाड्याच्या संचावर वाजवणाऱ्याने स्वतःचा क्लच नेल्यास तो बसतो की नाही, हे कार्यक्रमाआधी पाहून घ्यावे.