गंज ठेवायचा की रंग द्यायचा?

जुना ट्रॅक्टर सांभाळणारी दोन माणसे भेटली की वाद बहुधा रंगावरून सुरू होतो. एकाला यंत्र कारखान्यातून निघाले तसे हवे असते: खरवडलेले, पत्रा ठोकून सरळ केलेले, मूळ छटेत रंगवलेले. दुसऱ्याच्या लेखी बॉनेटवरचा पोचा आणि उडालेला रंग हा त्या यंत्राच्या कष्टांचा पुरावा. तो पुसायचा नाही. तिसऱ्याला दोन्हीशी घेणे नसते, त्याला फक्त इंजिनाची ताकद बघायची असते. हे निव्वळ स्वभावाचे फरक आहेत असे मला वाटत नाही. ट्रॅक्टरच्या इतिहासातल्या कोणत्या वळणावर कोणाचा जीव जडला, हे पाहिले की या हौशींतले बरेच भेद उलगडतात.

सुरुवात १८९२ची. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉन फ्रॉलिकने पेट्रोलवर चालणारे, पुढे-मागे दोन्हीकडे जाणारे यंत्र बनवले. पुढची पंचवीस वर्षे प्रयोगांची होती. अवाढव्य लोखंडी चाके, उघडे दाते, प्रत्येक कारखान्याची वेगळी तऱ्हा. जर्मनीत १९२१मध्ये आलेला लांझ बुलडॉग याच वृत्तीचा. त्याच्या इंजिनाच्या टोकाचा, इंधन पेटवणारा लोखंडी गोळा आधी ब्लो-लॅम्पच्या ज्योतीने तापवायचा, मग स्टिअरिंग काढून ते बाजूला फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या जड चाकात, बसवायचे आणि त्यानेच इंजिन फिरवायचे. अशा यंत्रांमागे लागलेल्या माणसाला शेतीच्या आठवणींशी फारसे कर्तव्य नसते. त्याला ते कसे चालते हे हाताने समजून घ्यायचे असते, आणि सुरू करायला अर्धा तास लागला तर तो अर्धा तासच त्याला सर्वांत प्रिय असतो.

१९१७मध्ये हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला आणि चित्र पालटले. १९२२मध्ये त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. साध्या शेतकऱ्यालाही घोडे विकून ट्रॅक्टर घेण्याचा विचार करता येऊ लागला. पण याच काळात विक्रेत्यांच्या थापांनाही ऊत आला होता. फसलेल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींतून नेब्रास्का राज्याने १९१९मध्ये कायदा केला आणि १९२०पासून लिंकन शहरात ट्रॅक्टरची जाहीर चाचणी सुरू झाली. ओढण्याची ताकद किती, पट्टा लावून दुसरे यंत्र फिरवण्याची किती, इंधन किती जळते, सगळे मोजून लिहिलेले. आजही काही हौशींचे बोलणे या चाचण्यांच्या आकड्यांशिवाय पुढे सरकत नाही. कोरडी वाटणारी ही माणसे मला फार मोलाची वाटतात, कारण दंतकथा आणि नोंद यांतली रेघ तेच राखतात.

मग आली रंगांची, म्हणजे एकेका कंपनीच्या रंगाशी जडलेली निष्ठा, आणि इथे मात्र जरा थांबायला हवे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा फार्मॉल ट्रॅक्टर १९२४चा. ओळीतल्या पिकांमधून कोळपणी करता यावी म्हणून तो उंच बांधला होता. जॉन डिअरचे मॉडेल डी १९२३ ते १९५३, तब्बल तीस वर्षे बनत राहिले. अ‍ॅलिस-चाल्मर्सने १९२९मध्ये झगझगीत नारिंगी रंग घेतला, १९३२मध्ये ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसवून दाखवले, आणि ते पटावे म्हणून १९३३मध्ये शर्यतपटू बार्नी ओल्डफील्डला ट्रॅक्टरवर बसवून ताशी ६४ मैलांचा वेग गाठला. शेतकरी मात्र रंग बघून ट्रॅक्टर घेत नव्हता. जवळच्या गावात दुकान कोणाचे, हंगामात सुटा भाग कोण लगेच देतो, उधारी कोण ठेवतो, यावर घरातला ट्रॅक्टर ठरायचा. मुलगा त्याच्यावर बसून मोठा व्हायचा आणि तो रंग घराचा होऊन जायचा. जॉन डिअरच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे ठोके समान अंतराने पडत नाहीत, त्यामुळे त्याचा ‘पट-पट... पट-पट’ आवाज लांबूनही ओळखू येतो. १९६०मध्ये कंपनीने ते इंजिन मागे टाकले. त्या आवाजासाठी एखादा माणूस वर्षभर सुटे भाग शोधत फिरतो. त्याला वडिलांचा ट्रॅक्टर पुन्हा ऐकायचा असतो.

ब्रिटनमध्ये हीच जागा करड्या फर्ग्युसन टीई-२०ने घेतली. १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. १९५८च्या जानेवारीत एडमंड हिलरी अशाच ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्याचे चाहते रंगापेक्षा कल्पनेवर भाळलेले असतात: औजार तीन ठिकाणी जोडायचे, हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, उचलायचे. आजचे बहुतेक ट्रॅक्टर हीच जोडणी वापरतात.

दुसऱ्या महायुद्धात लोखंडासाठी अमेरिकेत भंगार गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि असंख्य जुनी यंत्रे वितळली. जे उरले ते दुर्मीळ झाले, आणि दुर्मीळतेमागे धावणारा संग्राहकही तिथूनच आला. वाफेच्या इंजिनांवर मळणी केलेली माणसेही तोवर म्हातारी होत चालली होती. १९५०मध्ये आयोवातल्या माउंट प्लेझंट इथे जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा भरला, तो आजही भरतो. मळणी हे एकट्याचे काम कधीच नव्हते. शेजारपाजारची घरे एकत्र येऊन एकेकाचे खळे उरकायची. मेळाव्याला स्वतःचे यंत्र न आणता दिवसभर इतरांना हात देत फिरणारी माणसे दिसतात, त्यांची हौस या परंपरेतली आहे.

रंगाच्या वादाकडे परत येऊ. फार्मॉल १९३६पर्यंत करडा होता, त्यानंतर कारखान्याने लाल रंग घेतला. मग कितीतरी मालकांनी आपला जुना करडा ट्रॅक्टरही लाल करून घेतला. असा एखादा ट्रॅक्टर आज खरवडायला घेतला की गंजाखाली लाल लागतो आणि लालच्या खाली करडा. कारखान्याचा करडा राखावा, की आजोबांनी हौसेने दिलेला लाल?