प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन (महाराष्ट्र)

धरण, कारखाना, रस्ता किंवा अभयारण्य यांसाठी ज्यांची घरे व जमिनी शासन ताब्यात घेते, त्यांना दुसरीकडे वसवून त्यांच्या उपजीविकेची घडी पुन्हा बसवून देणे म्हणजे पुनर्वसन होय. बोलताना मोबदला आणि पुनर्वसन यांची सर्रास गल्लत होते. मोबदला ही गेलेल्या मालमत्तेची किंमत असते, तर पुनर्वसन ही उठलेले कुटुंब नव्या जागी उभे राहीपर्यंतची जबाबदारी असते.

इंग्रजी अमदानीतील १८९४ च्या भूसंपादन कायद्याला केवळ मोबदला ठाऊक होता. सार्वजनिक प्रयोजन जाहीर झाले की जमीन जाई आणि रक्कम हाती पडे. पुढे कोठे जायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला आणि सेनापती बापट यांच्या नावाशी जोडला गेलेला सत्याग्रह याच कायद्याच्या अमलात घडला. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा तसाच चालू राहिला. कोयनेचे विस्थापित सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले आणि त्यांच्यापैकी अनेकांचे जमिनीचे प्रश्न दोन पिढ्या उलटल्या तरी मिटले नाहीत.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याच्या जागी सुधारित कायदे आले. या कायद्यांमागील कल्पना न्याय्य आहे. धरणाचे पाणी ज्यांच्या शेतात जाणार, त्या लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून ठरावीक प्रमाणात जमीन घ्यायची आणि ती बुडीत क्षेत्रातील कुटुंबांना द्यायची. अंमल मात्र कष्टाचा ठरला. लाभक्षेत्रातील सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा पडतो आणि परवानगीशिवाय त्या जमिनीची विक्री किंवा वाटणी करता येत नाही. देणारा असा अडकून पडतो आणि घेणाऱ्याला ताबा मिळेपर्यंत अनेकदा धरण भरून गेलेले असते. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा या अनुभवातून आली.

नर्मदा पाणी तंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी जमिनीला जमीन हे तत्त्व बंधनकारक केले. ज्याची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाते, अशा प्रत्येक कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन द्यायची आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानायचे, असे त्यात ठरले. सज्ञान मुलीचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातील बाधित गावे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासींची होती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली बरीच जमीन दप्तरी वनजमीन असल्यामुळे, हक्क मागणाऱ्याला आधी आपण शेतकरी आहोत हेच सिद्ध करावे लागले.

कागदावर नाव असलेला खातेदार हेच या कायद्यांचे एकक आहे, आणि माझ्या मते त्यांची मूळ उणीव तीच आहे. भूमिहीन मजूर, बलुतेदार, परित्यक्ता यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. गायरान, स्मशान, पाणवठा यांवर तर सगळ्या गावाचा वावर असतो. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि नव्या गावठाणातील माणसे तेथे दर्शनाला जातात.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या केंद्राच्या २०१३ च्या कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. संपादनापूर्वी ३ वर्षे त्या भागातील जमिनीवर पोट असलेले मजूर, कुळे व कारागीर यांची बाधित कुटुंबांत गणना झाली, तर विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानण्यात आले. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के, तर सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक झाली. शासन स्वतःसाठी जमीन घेते तेव्हा मात्र ही अट लागू नाही आणि बहुतेक मोठी धरणे शासनाचीच असतात.

गावाला गाव म्हणून विचारणारी तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात सापडते. वन्यजीवांच्या अतिमहत्त्वाच्या अधिवासातून वनहक्कधारकांना हलवायचे असेल, तर ग्रामसभेची लेखी संमती लागते आणि नव्या जागी कबूल केलेली जमीन व सोयी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही.