घाणेरी आधी कुठली काढायची?

घाणेरीचं पिकलेलं फळ मिरीच्या दाण्याएवढं, जांभळट काळं. बुलबुल झुडपावर उतरतो, दोन-चार फळं गिळतो आणि समोरच्या धावड्यावर जाऊन बसतो. चोच फांदीला पुसतो, शेपटी हलवतो, शिटतो. गर पचलेला असतो, बी खाली पडते. पुढच्या पावसात धावड्याच्या बुंध्याशी खरखरीत पानांचं एक रोप उभं असतं.

कुणी तिला टणटणी म्हणतं, विदर्भात ती रायमुनिया. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली ही बाई एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेची म्हणून आली. गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी ती कुंपणाला लावली, आणि कुंपणावरून ती रानात शिरली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात वाघांचा वावर असलेल्या जंगलाचा सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर भाग, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त, तिने व्यापला आहे. चितळ-सांबराच्या पोटात जाणारं गवत तिच्या जाळीखाली वाढत नाही.

एवढी घाणेरी काढायला माणसं पुरणार नाहीत आणि पैसाही पुरणार नाही. म्हणून प्रश्न ‘कशी काढायची’ एवढाच उरत नाही. आधी कुठली काढायची, हेही ठरवावं लागतं. गणित इथे उपयोगी पडतं.

त्याची सुरुवात एका उंदरासारख्या प्राण्यापासून करू. १९०५ साली प्रागजवळ मोजकेच मस्करॅट मोकळे सुटले आणि पुढच्या काही दशकांत मध्य युरोपभर पसरले. १९५१ साली स्केलम नावाच्या गणितज्ञाने त्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढलं, ते सालांसमोर मांडलं, आणि बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले. म्हणजे कागदावर तेलाचा थेंब पसरावा तसा हा फैलाव होता. कडा दरवर्षी साधारण सारख्याच अंतराने पुढे सरकत होती. वेग दोनच गोष्टींवर ठरत होता: पिल्लावळ किती झपाट्याने वाढते, आणि एक पिढी आपल्या जन्मजागेपासून किती लांब भटकते.

घाणेरीला हे गणित अर्धंच लागू पडतं, कारण मध्ये बुलबुल आहे. बहुतेक बिया झुडपाखाली नाहीतर चार झाडांपलीकडे पडतात. पण एखादा पक्षी नाला ओलांडतो, टेकडीच्या पलीकडे जातो आणि तिथे एक बी टाकतो. अंतर वाढेल तशी बियांची संख्या घटत जाते, तिचा आलेख काढला तर सुरुवातीला उंच उभार आणि पुढे लांबलचक बारीक शेपूट दिसतं. फैलावाचा वेग ठरतो तो या शेपटावर. तिथल्या मूठभर बियांमुळे मूळ जाळीपासून दूर नवी बेटं तयार होतात, आणि प्रत्येक बेट स्वतःच्या बुलबुलांना जेवू घालायला लागतं.

संगणकातलं मॉडेल हाच खेळ खेळतं. अभयारण्याच्या नकाशावर चौकोन आखायचे. कुठल्या चौकोनात घाणेरी आहे, झाडांची सावली किती, ओल किती, हे भरायचं. मग एकेक वर्ष पुढे सरकत प्रत्येक चौकोनासाठी फासे टाकायचे: बी आली का, आली तर रुजली का? सगळा डाव हजारदा खेळायचा. एखादा चौकोन हजारातून सातशे वेळा घाणेरीखाली गेला, तर तिथला धोका ७० टक्के. ही भविष्यवाणी नव्हे. पंचांग पाहून पाऊस सांगण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे इतकंच, कारण आपल्याला कितपत खात्री आहे तेही मॉडेल सांगतं.

आता एक हिशेब, जो संगणकाशिवायही जमतो. १०० मीटर त्रिज्येची एक मोठी गोल जाळी घ्या: सुमारे ३१,४०० चौरस मीटर. दुसरीकडे १० मीटर त्रिज्येची १०० छोटी बेटं घ्या. त्यांचं एकूण क्षेत्रफळही तेवढंच, ३१,४००. दोन्हींची कडा वर्षात १० मीटर पुढे सरकली, तर मोठ्या जाळीत साधारण ६,६०० चौरस मीटरची भर पडते. छोट्या बेटांत मिळून ९४,२००. चौदा पट!

मूडी आणि मॅक या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८८ सालीच असं गणित मांडून दाखवलं होतं की मुख्य गठ्ठ्याशी झुंजत बसण्यापेक्षा बाहेरची छोटी बेटं आधी खुडावीत. मला वाटतं, प्रत्यक्षात आपण नेमकं उलटं करतो. जिप्सीतून दिसणारी, रस्त्याकडेची दाट जाळी डोळ्यांत खुपते. शिवाय कामाचा हिशेब हेक्टरात होणार असेल, तर आडरानातली तीन झुडपं उपटायला कोण जाईल? अहवालात ती दिसणारही नाहीत.

रस्त्याची आणखी एक भानगड आहे. नोंदी रस्त्यावरूनच घेतल्या, तर मॉडेल शिकतं की घाणेरीला रस्ते आवडतात. पंचाईत अशी की तिला ते खरोखरच आवडतात. कडेला ऊन मिळतं, माती उकरलेली असते. त्यातलं खरं किती आणि आपल्या आळसाचं किती, हे वेगळं करायचं तर जंगलभर सारख्या अंतरावर ठिकाणं ठरवून पायी जावं लागतं, आणि जिथे घाणेरी नाही तिथे ‘नाही’ असंही लिहावं लागतं. ते ‘नाही’ फार मोलाचं.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांत हे झालं आहे. तिथल्या ठरावीक भूखंडांची नोंद १९९७ साली झाली होती. भरत सुंदरम आणि अंकिला हिरेमठ यांनी २००८ साली पुन्हा पाहणी केली. घाणेरी असलेले भूखंड ४१ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले होते. आधी मोजलेल्या खोडांत विसातलं एक तिचं होतं, आता तिनातलं एक. मॉडेलची परीक्षा घ्यायला अशाच दोन वेळच्या नोंदी लागतात: १९९७ चा नकाशा द्यायचा, अकरा वर्षं चालवायचं आणि २००८ शी ताडून पाहायचं.

याच डोंगरांत राहणारे सोलिगा लोक मात्र मॉडेलच्या रकान्यांत सहसा नसलेली एक गोष्ट सांगतात. पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची बुटकी आग लावत. कन्नडमध्ये तिला तरगु बेंकी म्हणतात. या आगीत घाणेरीची कोवळी रोपं जळायची. १९७० च्या दशकात अभयारण्य झालं, ही आग बंद पडली आणि घाणेरी माजली, असं त्यांचं म्हणणं. पण म्हणून आज जाळून टाका म्हणाल, तर वाढलेलं झुडूप बुडख्यापासून पुन्हा फुटतं, आणि सुकलेल्या जाळीत लागलेला वणवा झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतो. तेव्हा मॉडेलात ‘आग’ असा एकच आकडा भरून भागत नाही. आग कधीची, कुठल्या वयाच्या रोपाला लागलेली, हे वेगवेगळं भरावं लागतं.

काढण्याची एक पद्धत दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या गटाने कॉर्बेटमध्ये वापरली. मुळाचा मुख्य सोट जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचा, फुटवा येतो त्या भागाच्या खाली, आणि झुडूप उलटं करून वाळत ठेवायचं. काम तेवढ्यावर संपत नाही. पुढच्या पावसात परत यायचं, ओढ्याच्या काठाने फिरायचं, आणि पक्षी बसतात त्या प्रत्येक झाडाखाली वाकून बोटभर उंचीची रोपं हाताने उपटायची. वर धावड्यावर बुलबुल असतोच.