जुन्या पिकअपमधील दिव्यांचे बिघाड

मालवाहू पिकअपचे हेडलाइट मंद जळणे, पार्किंग, इंडिकेटर किंवा ब्रेकचा दिवा न लागणे, एक दिवा लावल्यावर भलताच लागणे, फ्यूज वारंवार उडणे हे बिघाड आणि ते शोधण्याची पद्धत. मराठवाड्यात टाटा 207 आणि महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या जुन्या गाड्या दूध, भाजीपाला, खत, कापूस, जनावरे अशा सगळ्या वाहतुकीत अजून राबतात. जालन्याच्या बाजारात मोसंबी किंवा लातूरच्या आडतीवर सोयाबीन सकाळी पोचवायचे, तर गाडी रात्रीच काढावी लागते. त्यामुळे दिव्याच्या बिघाडाला ‘उद्या बघू’ म्हणता येत नाही.

या गाड्यांची विजेची रचना 12 व्होल्टची असते. बॅटरीचे निगेटिव्ह टोक चासीला जोडलेले असते. प्रत्येक दिव्याकडे वीज वायरीने जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडातूनच. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात. जुन्या गाडीत बल्बपेक्षा अर्थच जास्त वेळा दगा देतो, तरीही बहुतेक ठिकाणी आधी बल्ब बदलला जातो. एकच दिवा पूर्ण विझला तर बल्बवर संशय घेणे ठीक. दोन-तीन दिवे एकदम चमत्कारिक वागू लागले, तर आधी अर्थ पाहावा.

मागच्या दिव्यात हा प्रकार सर्वांत फसवा असतो. तिथे बहुधा 21/5 वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो : 5 वॅटचे पार्किंगला, 21 वॅटचे ब्रेकला. दोघांचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेक दाबल्यावर 21 वॅटच्या फिलामेंटमधून आलेल्या विजेला परतायला रस्ता राहत नाही. ती शेजारच्या 5 वॅटच्या फिलामेंटमध्ये शिरते, पार्किंगच्या वायरीने उलटी वाहते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यांमधून चासी गाठते. परिणामी पार्किंग बंद असतानाही ब्रेकबरोबर पार्किंगचे, नंबरप्लेटचे, कधी मीटरचेही दिवे मिणमिणतात. नुसते पार्किंग लावले तर हाच दिवा जवळपास नीट जळतो, कारण वीज ब्रेकच्या वायरीने पलीकडे निसटते. पण पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबला की तो विझतो, कारण आता त्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना 12 व्होल्टच असतात. म्हणून मागचे दिवे तपासताना एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने पार्किंग आणि इंडिकेटर लावून मागे उभे राहून पाहावे. खात्रीसाठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट होल्डरच्या अर्थला टेकवावी. दिवा ताळ्यावर आला तर दोष सापडला. अर्थचा बोल्ट काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासावा, दातेरी वॉशर घालून आवळावा आणि वरून ग्रीस लावावे.

अर्थ खराब होण्याला इथली काळी माती हातभार लावते. ही माती पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात मागच्या चाकांनी उडालेला चिखल चासीवर आणि दिव्यांच्या मागे थापला जातो, त्याखाली बोल्ट दिवसेंदिवस ओला राहून गंजतो, वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. दुसरे कारण पासिंगचे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते. त्याआधी रंग मारताना अर्थच्या जागेवरही रंग बसतो आणि नवी दिसणारी गाडी दिव्यांसाठी जुन्याहून वाईट होते.

हेडलाइट मंद असतील तर मल्टिमीटर लागतोच. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. 15 च्या वर गेले तर डायनामोचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बल्ब पटापट उडणार. बॅटरीवर आकडा बरोबर आहे, पण दिवा जळत असताना होल्डरच्या पिनेवर दीड-दोन व्होल्ट कमी दिसतात, तर ते वाटेत हरवत आहेत. हेडलाइटचा 60/55 वॅटचा एच-4 बल्ब सुमारे 5 अँपिअर घेतो, म्हणजे 0.2 ओहमच्या खराब जोडातच 1 व्होल्ट जातो. व्होल्टेज 10 टक्के घटले, तर प्रकाश सुमारे 30 टक्के घटतो. यावर 100/90 वॅटचा बल्ब टाकणे हा लोकप्रिय आणि चुकीचा उपाय आहे. जादा अँपिअरने होल्डर वितळतो, स्टिअरिंगखालचा कॉम्बी स्विच जळतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणावी, रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) बसवावा आणि कॉम्बी स्विचने फक्त रिले चालवावा.

फ्यूज उडत असेल तर जागी तांब्याची तार घालू नये. तारेने दिवा लागतो, पण फ्यूजऐवजी मग वायरिंग जळते. त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढून फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब जोडावा. तो पेटला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. मग एकेक कपलर सोडत जावे. ज्या कपलरला बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या भागात वायर सोललेली असते. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत आधी उंदरांनी कुरतडलेल्या जागा पाहाव्यात. नंतर गाण्यांचा टेप आणि प्रेशर हॉर्नसाठी मधूनच वायर सोलून काढलेले जोड. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे गेला की जोडावर गुंडाळलेल्या काळ्या चिकटपट्टीचा गोंद पाघळतो आणि हे जोड उघडे पडतात.

इंडिकेटर एका बाजूला भरभर मारू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीत) मात्र दिवा न लुकलुकता नुसता जळत राहतो. एलईडी बसवल्यावरही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला भार कमी मिळतो आणि तो तसाच भरभर मारतो. तेव्हा एलईडीचा फ्लॅशर घालावा.

हौद्याला किंवा फालक्याला वेल्डिंग करून आणल्यानंतर मागचे दिवे गेले, तर चासीच्या आतून जाणारी वायर भाजली आहे का ते पाहावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके सोडवावीत, नाहीतर डायनामोचे डायोडही जाऊ शकतात.